एक आठ चार तीन

जिनिंगच्या मागच्या शेडात ती बावीस वर्षं
रुईच्या गाठींखाली दबून होती.
कुठल्या शेटजींनी आणली, कशाला, कुणालाच आठवेना.
भंगारवाला वजन सांगत होता,
मी पत्र्यावरचं नाव वाचत होतो: डॉज.
पुढची अक्षरं गळालेली, नुसती भोकं.

ट्रॅक्टरला दोर बांधून अमळनेरच्या गल्लीतून आणली.
नंदीबैल आल्यासारखी पोरं मागे.
बायको दारात उभी. बऱ्याच वेळानं म्हणाली,
"हाई काय खास?"
पेट्रोल, म्हणालो.
लिटरला चार किलोमीटर, हे बोललो नाही.

बॉनेट उघडलं तर आत रुई.
कार्बोरेटरच्या नरड्यात रुई, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत रुई,
एअर फिल्टरमध्ये चिमणीचं घरटं, तेही रुईचंच.
तीन रविवार मी इंजिन पिंजत बसलो.

भुसावळहून रुबाब तडवी आले, लोको शेडचे रिटायर फिटर,
थैलीत सगळे इंची पाने.
"मिलिमीटरचा लावशील तर बोल्टची टाळू सोलशील."
काट्यावरचं ऑइल चिमटीत घासलं, हुंगलं.
"अडकलीये. मेलेली नाही."
आठही भोकांतून डिझेल ओतलं आणि जेवायला बसले.
दहाव्या दिवशी लांब पाइप लावून आम्ही दोघं लोंबकळलो
तेव्हा फ्लायव्हीलचा एक दात सरकला.
एकच.
त्या रात्री मला झोप नाही.

कार्बोरेटरचा फ्लोट पितळी, त्याला केसाएवढी चीर.
विसपुते सोनारांनी आधी काट्यावर तोलला, मग डाग दिला,
मग कानस मारत मारत पुन्हा तोलला.
"वजन वाढलं तर हा बुडेल, असंच ना?
आमच्यात उलटं. कमी भरलं की गिऱ्हाईक बुडतं."

भिंतीवर खडूनं ठिणगीचा क्रम लिहून ठेवला होता:
एक आठ चार तीन सहा पाच सात दोन.
दूधवाल्या भिलाजीनं तीन दिवस तो नीट पाहिला,
चौथ्या दिवशी मटक्यावर लावला
आणि गेलेले पन्नास रुपये माझ्याकडे मागायला आला.

एप्रिलात सुरू झाली.
पत्रे, पातेली, शेजारच्या खिडकीची काच, सगळं थरथरलं.
तडवींनी मान हलवली: जमलं.
बायको ओसरीवर नागलीचे पापड लाटत होती.
मान वर न करता म्हणाली,
"आठ भाऊस्मा एक मुका शे."

आम्ही कान लावले. काही कळेना.
प्लग बदलले, पॉइंट घासले, टोपी बदलली.
ती रोज पोळपाटावरून तेच सांगे: मुका शे.
शेवटी तडवी रात्री भिंतीपुढे मांडी घालून बसले.
पाच. मग लगेच सात.
एकाच रांगेतले शेजारी, वायरी एकमेकींना खेटून गेलेल्या;
पाचव्याची वीज सातव्याला वेळेआधीच शिवत होती,
आणि त्याची पाळी येई तेव्हा त्याच्याकडे
बोलायला काही उरत नसे.

तिनं कपड्यांच्या दोरीवरचे दोन लाकडी चिमटे काढून दिले.
"यास्ले अलग ठेवा."

चिमटे अजून तिथेच आहेत, काळे पडलेत.
फरशीवर तेलाचा एक डाग आहे, तो पुसत नाही,
मोठा झाला की कळतं कुठलं पॅकिंग गेलं.
वैशाखात पेट्रोल नळीतच उकळतं, म्हणून पंपावर ओलं फडकं,
सीटखाली पाने, पाण्याच्या दोन बाटल्या.
दर रविवारी ऊन तापायच्या आत
बोरीच्या पुलापर्यंत आणि परत.
एक लिटर. तिला हिशेब केव्हाच कळलाय.

स्टिअरिंग डावीकडे.
म्हणून उजवीकडे, जिथे लोक ड्रायव्हर शोधतात, तिथे ती,
हात मांडीवर, पुढ्यात काहीच नाही.
पुलावरचा ट्रॅक्टरवाला तिलाच हॉर्न देतो.
ती हात बाहेर काढून त्याला जा म्हणते.
मग मी गाडी बाजूला घेतो.